सह्याद्रीतली पहिली ट्रेल अल्ट्रा: शूज, सामान आणि पेस कसे ठरवावे

रस्त्यावरची मॅरेथॉन पूर्ण केलेला धावपटू डोंगरवाटांवरच्या लांब शर्यतीकडे, म्हणजे ट्रेल अल्ट्राकडे वळतो, तेव्हा त्याला धास्ती असते ती चढांची. माझेही तसेच झाले होते. प्रत्यक्षात पन्नास किलोमीटरच्या माझ्या पहिल्या शर्यतीत माझे पाय गेले ते उतारावर. पस्तिसाव्या किलोमीटरपर्यंत दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी झाली होती, मांड्या भरून आल्या होत्या आणि छातीत भरपूर दम शिल्लक असूनही शेवटचे पंधरा किलोमीटर मला जवळजवळ चालतच काढावे लागले. शूज अगदी पायाच्या मापाचे होते आणि पेसही, म्हणजे धावण्याचा वेगही, कागदावर नीट आखलेला होता, पण दोन्हींचा हिशेब मी सपाट डांबरी रस्त्यावरून केला होता. त्यानंतर प्रत्येक शर्यतीआधी मी आधी उतार किती आणि कसे आहेत ते पाहतो आणि मग बाकीचे सगळे ठरवतो. खालील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

४२.१९५ किलोमीटरपेक्षा जास्त अंतराच्या शर्यतीला अल्ट्रा म्हणतात. पुण्याजवळ सिंहगड, राजगड आणि तोरणा यांच्या परिसरात होणाऱ्या एसआरटी अल्ट्रामध्ये ११ किलोमीटरपासून १०० किलोमीटरपर्यंतचे गट असतात. ज्यांनी डोंगरात कधीच शर्यत केलेली नाही, त्यांनी आधी पंचवीस किलोमीटरच्या आसपासचा एखादा गट करावा आणि मगच अल्ट्राचे नाव नोंदवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१. आधी वाट समजून घ्या

शूजच्या दुकानात जाण्याआधी शर्यतीच्या मार्गाचा नकाशा आणि उंचीचा आलेख समोर ठेवा. त्यातून तीन गोष्टी वेगळ्या लिहून काढा: एकूण चढ किती मीटर आहे, सर्वांत लांब उतार कितव्या किलोमीटरला येतो, आणि डांबरी रस्ता, मातीची पायवाट व कातळ यांचे प्रमाण साधारण किती आहे.

आपल्याकडची जमीन ऋतूप्रमाणे पूर्ण बदलते, हे विसरू नका. सह्याद्रीचा खडक बेसाल्ट आहे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते आणि पायवाटांवर लाल चिखल होतो. दिवाळीनंतर तीच वाट वाळते, मुरूम सुटा होतो आणि ट्रेकर ज्याला घसारा म्हणतात तो पायाखालून सरकू लागतो. तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरून राजगडाच्या संजीवनी माचीकडे जाणाऱ्या सोंडेवर डिसेंबरमध्ये सकाळी गार वारा असतो, तर दुपारी सावलीचे झाडही सापडत नाही. जुलैमध्ये एखाद्या मित्राने वापरलेले शूज डिसेंबरच्या शर्यतीला योग्य ठरतीलच असे नाही.

२. शूज उतारावर पारखा

माप घेण्याचे काम संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर करा, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची रेघ काढून घ्या. बहुतेकांचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा थोडे मोठे असते आणि शूज त्या मोठ्या पावलासाठीच घ्यायचे असतात. सर्वांत लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे. त्यासाठी नेहमीच्या मापापेक्षा अर्धा किंवा एक नंबर मोठा शूज घ्यावा लागतो. दहा-बारा तासांच्या शर्यतीत पाय फुगतात आणि उतारावर ते पुढे सरकतात, म्हणून ही जागा लागते.

दुकानात सपाट फरशीवर चार पावले चालून काहीही कळत नाही. धावताना घालणार असाल तेच मोजे सोबत न्या, लेस नीट बांधा आणि दुकानाबाहेरच्या एखाद्या उतारावर, अगदी तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पवर का होईना, तोंड खाली करून उभे राहा. मग पाच-सहा वेळा पाय जोरात आपटत खाली उतरा. बोट एकदा जरी टोकाला टेकले, तरी तो जोड परत करा. नवख्या धावपटूंसोबत दुकानात जातो तेव्हा मी त्यांच्याकडून हे हटकून करवून घेतो. एका मैत्रिणीला फरशीवर अत्यंत आवडलेला जोड तिने रॅम्पवर तिसऱ्याच पावलाला नाकारला. तिची टाच आत उचलली जात होती आणि करंगळी बाजूच्या शिवणीवर घासत होती. पन्नास किलोमीटरमध्ये पाऊल कित्येक हजार वेळा पडते, त्यामुळे दुकानात किंचित जाणवणारी शिवण तिथे जखम करते.

तळाकडे पाहताना दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. तळावरच्या रबरी दातांना लग म्हणतात. माती, चिखल आणि घसारा यांत पकड मिळते ती लगच्या खोलीमुळे. कोरड्या मोसमातल्या मिश्र वाटेसाठी साडेतीन ते साडेचार मिलिमीटरचे लग पुरेसे असतात, तर पावसाळी चिखलासाठी पाच ते सहा मिलिमीटरचे, एकमेकांपासून अंतर राखलेले लग घ्यावेत. कातळावर मात्र लगची खोली उपयोगी पडत नाही. तिथे रबराचा मऊपणा आणि चिकटपणा कामाला येतो. अनेक नवखे सर्वांत खोल लगचे, कडक रबराचे शूज घेतात आणि ओल्या बेसाल्टवर पहिल्याच दिवशी घसरतात. रबर नखाने दाबून पाहा. ते किंचित दबले पाहिजे. शेवाळ धरलेल्या कातळावर कोणतेही रबर खात्रीने टिकत नाही, तिथे हात टेकून उतरणे हाच उपाय आहे.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतल्या फरकाला ड्रॉप म्हणतात आणि तो शून्यापासून बारा मिलिमीटरपर्यंत असतो. ड्रॉप कमी असेल तर पोटरी आणि टाचेवरची शीर यांच्यावर ताण वाढतो. जास्त ड्रॉपमध्ये गुडघ्यावर भार तुलनेने अधिक येतो. कोणता ड्रॉप चांगला, या वादात पडू नका. आतापर्यंत ज्या ड्रॉपमध्ये विनातक्रार धावत आलात, त्याच्या जवळचाच घ्या आणि बदल करायचाच असेल, तर तो शर्यतीच्या आधी कित्येक महिने, हळूहळू करा. कुशनबाबतही अतिरेक नको. फार उंच तळ आडव्या उतारावर घोटा मुरगळण्याची शक्यता वाढवतो आणि फार पातळ तळातून तीस किलोमीटरनंतर प्रत्येक खडा टोचू लागतो. बोटांच्या पुढे जाड रबरी कठडा हवाच, कारण थकलेला पाय उचलला जात नाही आणि दगडाला ठेच लागते.

जलरोधक शूज महाग असतात आणि आपल्या हवामानात बहुधा गैरसोयीचेच ठरतात. ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरते आणि मग ते बाहेर पडत नाही. साध्या जाळीचे शूज भिजतात, पण धावता धावता सुकतात.

घेतलेला जोड शर्यतीआधी किमान ८० ते १०० किलोमीटर वापरलेला असावा, आणि त्यातला निम्मा वापर तरी डोंगरात झालेला असावा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळ थकतो. लग झिजलेले दिसले, तर तो जोड रस्त्यावरच्या हलक्या धावण्यासाठी ठेवून द्या.

लेस बांधण्याची एक पद्धत आधीच हातात बसवून घ्या. घोट्याजवळ, सर्वांत वर, बहुतेक शूजना एक जादा भोक असते. त्यातून लेस त्याच बाजूला परत ओवून एक छोटा फास तयार करा, विरुद्ध बाजूची लेस त्या फासातून काढा आणि मग गाठ मारा. याने टाच मागे पक्की बसते आणि बोटे पुढे सरकत नाहीत. मोठ्या उताराच्या तोंडाशी एक मिनिट थांबून लेस पुन्हा आवळण्याची सवय लावा. माझी नखे वाचली ती या एका मिनिटामुळे.

३. मोजे, गेटर आणि घासले जाणारे भाग

सुती मोजे वापरू नका. सूत घाम धरून ठेवते, त्वचा मऊ पडते आणि फोड येतो. नायलॉन-पॉलिएस्टरचे किंवा मेरिनो लोकरीचे पातळ मोजे घ्या. बोटांमध्ये फोड येत असतील, तर पाच बोटांचे मोजे वापरून पाहा. एक जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून सोबत ठेवा आणि निम्म्या अंतरावर बदला.

ऑक्टोबरनंतर सह्याद्रीत धावणाऱ्याला कुसळांचा प्रश्न पडतोच. वाळलेल्या गवताची ही टोकदार बीजे मोजाच्या विणीत शिरतात आणि बाहेर ओढली तर टोक आतच राहते. दर दहा मिनिटांनी थांबून, बसून, नखाने एकेक कुसळ काढणारा धावपटू मी स्वतः होतो आणि असे थांबण्यातच माझा बराच वेळ गेला होता. घोट्यावर येणारे, घट्ट विणीच्या गुळगुळीत कापडाचे, शूजचे तोंड झाकणारे गेटर घातले की कुसळ त्यावर रुतत नाही आणि घसाऱ्यातले खडेही शूजमध्ये जात नाहीत. किंमत आणि वजन यांच्या मानाने इतकी उपयोगी दुसरी वस्तू या यादीत नाही.

मांड्यांच्या आतली बाजू, काखा, पाणी-सामान ठेवायच्या व्हेस्टचे पट्टे टेकतात ती जागा, तसेच पुरुषांनी स्तनाग्रे आणि स्त्रियांनी स्पोर्ट्स ब्राच्या पट्टीखालचा भाग, इथे धावण्याआधीच पेट्रोलियम जेली भरपूर लावा. छोटी डबी सोबतही ठेवा.

४. व्हेस्ट, पाणी आणि खाणे

पाठीवरची साधी सॅक धावताना हेलकावते आणि पाठ सोलते. छातीला बिलगणारा, पाच ते बारा लिटर क्षमतेचा हायड्रेशन व्हेस्ट घ्या. पुढच्या खिशांत अर्ध्या लिटरचे दोन सॉफ्ट फ्लास्क, म्हणजे दाबता येणाऱ्या मऊ बाटल्या, बसले पाहिजेत. पाण्याच्या दोन ठिकाणांमधले अंतर जास्त असेल, तर पाठीवर दीड लिटरची पिशवी लावता आली पाहिजे. व्हेस्ट दुकानात रिकामा घालून पाहू नका. त्यात खरोखरीचे पाणी आणि सामान भरून उड्या मारून पाहा.

किती प्यावे याचे एकच उत्तर सर्वांना लागू होत नाही. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा. तासाभरात घटलेले वजन आणि प्यायलेले पाणी यांची बेरीज म्हणजे तुमचा अंदाजे घाम. एवढे सगळे परत भरून काढण्याचा अट्टहास मात्र नको. तहान लागेल तसे पिणे हेच सुरक्षित आहे, कारण गरजेपेक्षा जास्त साधे पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते.

ओआरएसबद्दल दोन गैरसमज नेहमी आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते अख्खे पाकीट अर्ध्या लिटरच्या फ्लास्कमध्ये ओतले, तर द्रावण दुप्पट तीव्र होते आणि मळमळ सुरू होते. घरीच पाकिटाचे दोन समान भाग करून पुड्या बांधा. दुसरे म्हणजे, त्या पाकिटात ग्लुकोज केवळ साडेतेरा ग्रॅम असते, म्हणून ओआरएस प्यायल्याने खाण्याचे काम होत नाही.

खाण्याचा हिशेब तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकांचा ठेवा. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम मिळतात. पाकिटातून पिळून खायचे गोड जेल चालत असतील तर घ्या, पण मीठ लावलेला उकडलेला बटाटा, खजूर, चिक्की आणि राजगिऱ्याची वडी यांवरही पन्नास किलोमीटर उत्तम निघतात. सहाव्या तासानंतर गोड नकोसे होते, तेव्हा बटाटाच घशाखाली उतरतो. पहिल्या तासापासून, भूक नसतानाही, दर अर्ध्या तासाला थोडे खा. एकदा पोट रिकामे होऊन मळमळ सुरू झाली की मग काहीच जात नाही.

५. उजेड, काठ्या आणि आणीबाणीचे सामान

पहाटे सुटणाऱ्या किंवा रात्री संपणाऱ्या शर्यतीसाठी साधारण ३०० ल्युमेनचा हेडलॅम्प पुरे. खोक्यावर छापलेले तास बहुधा सर्वांत मंद उजेडाचे असतात. म्हणून तुम्ही वापरणार त्या प्रखरतेवर तो किती वेळ चालतो, हे घरी एका रात्री लावून घड्याळात मोजा. जादा बॅटरी आणि एक छोटा टॉर्च सोबत असावा. उतारावर टॉर्च कमरेच्या उंचीवर धरला, तर दगडांच्या सावल्या लांब पडतात आणि खळगे स्पष्ट दिसतात.

ट्रेकिंग पोलमुळे, म्हणजे काठ्यांमुळे, चढावर पायांचा भार हातांकडे वळतो, पण सरावाशिवाय त्या अडचणच होतात. काही शर्यतींत त्यांना मनाई असते, म्हणून आधी नियम पाहा. हात वापरावे लागतील अशा कातळटप्प्यावर त्या घडी करून व्हेस्टला बांधा.

शिट्टी, चंदेरी आणीबाणी चादर, पातळ विंडचिटर, चिकटपट्टी आणि बँडेज, चार्ज केलेला मोबाइल, थोडी रोकड, टोपी आणि दुमडणारा कप यांचे वजन फारसे होत नाही. नेहमीची औषधे, तसेच स्त्रियांनी सॅनिटरी पॅड वेगळ्या पिशवीत ठेवावेत. आयोजकांच्या अनिवार्य सामानाची यादी छापून घ्या आणि प्रत्येक वस्तू व्हेस्टमध्ये ठेवताना त्यावर खूण करा.

६. कागदपत्रे

बहुतेक आयोजक छायाचित्र असलेले ओळखपत्र, नोंदणीची पावती, डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि मोठ्या अंतरासाठी पूर्वीच्या शर्यतीचे प्रमाणपत्र मागतात. वैद्यकीय प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यात आणि ठरावीक मुदतीतले लागते, म्हणून नमुना उतरवून घेऊनच डॉक्टरांकडे जा. ते केवळ कागदापुरते घेऊ नका, तपासणी खरोखर करून घ्या. बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या, मागे रक्तगट, ॲलर्जी आणि घरच्यांचा क्रमांक लिहा.

७. पेस तासांत मांडा

डोंगरात दर किलोमीटरला किती मिनिटे, या प्रश्नाला अर्थ राहत नाही. एकच किलोमीटर चढावर वीस मिनिटे घेतो आणि सपाटीवर सात. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी दिलेला नियम आजही अंदाजाला उपयोगी पडतो: ५ किलोमीटरला एक तास, आणि प्रत्येक ६०० मीटर चढासाठी आणखी एक तास. धावणाऱ्यांसाठी सोयीचा हिशेब असा की, दर १०० मीटर चढ म्हणजे एक जादा किलोमीटर धरावा.

समजा, शर्यत ५० किलोमीटरची आहे आणि चढ २,५०० मीटर आहे. म्हणजे ती ७५ किलोमीटरच्या कष्टाची झाली. आता सरावात तुम्ही २० किलोमीटर आणि १,००० मीटर चढ, म्हणजे ३० किलोमीटरचे कष्ट, चार तासांत केले असतील, तर तुमचा दर अशा एका किलोमीटरला आठ मिनिटांचा आहे. ७५ गुणिले ८ म्हणजे ६०० मिनिटे, दहा तास. त्यात थकव्यापोटी दीड तास मिळवा. पाणी-खाण्याच्या थांब्यांवर किती वेळ जातो, हेही मोजा, कारण दहा थांबे आणि प्रत्येकी आठ मिनिटे म्हणजे ऐंशी मिनिटे होतात. अशा रीतीने तेरा तासांच्या आसपासचा खरा आकडा हाती येतो. तो कट-ऑफ वेळांशी, म्हणजे ठरावीक ठिकाणी पोहोचण्याच्या शेवटच्या मुदतींशी, ताडून पाहा आणि प्रत्येक कट-ऑफआधी किमान अर्धा तास हाताशी राहील असे आखा. या वेळा छोट्या चिठ्ठीवर लिहून बिबजवळ चिकटवा.

सरावासाठी आतकरवाडीतून सिंहगड हे पुणेकरांचे हक्काचे ठिकाण आहे. एका फेरीत साधारण ६०० मीटर चढ मिळतो. नवखे वर जाण्याची वेळ मोजतात आणि उतरताना गप्पा मारत येतात. तुम्ही उतरण्याचाही सराव करा. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात आणि त्यामुळे त्यांच्यात सूक्ष्म इजा होते. मात्र एकदा अशी इजा भरून आली की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तोच भार बराच सहन करतात. म्हणून उतारांचा शेवटचा जोरदार सराव शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी करा, शेवटच्या आठवड्यात नको.

८. शर्यतीच्या दिवशी

पहिले दोन तास पूर्ण वाक्य न थांबता बोलता येईल इतक्याच जोराने जा. सुरुवातीच्या चढावर सगळे धावत असतात, तरी तुम्ही चाला. हात गुडघ्यांच्या वर टेकून, छोटी पावले टाकत जोमाने चालणारा माणूस तीव्र चढावर धावणाऱ्याच्या फारसा मागे राहत नाही आणि त्याचा दम मात्र बराच वाचतो. घड्याळातला क्षणाक्षणाचा पेस पाहू नका. चिठ्ठीवरच्या वेळा पाहा.

उतारावर नजर तीन-चार मीटर पुढे ठेवा आणि पावले लहान व भरभर टाका. टाच रोवून ब्रेक लावत उतरलात, तर प्रत्येक धक्का मांडीत जातो. पहिल्या उतारावर शरीर ताजे असते आणि वेग आपोआप वाढतो, तिथेच सर्वांत जास्त आवर घाला, कारण शेवटच्या उताराला लागणारे पाय तिथेच खर्च होतात. दुपारी अकरा ते तीन या वेळात उघड्या सोंडेवर वेग कमी होणारच. हे नुकसान आधीच हिशेबात धरा, टोपी आणि मान भिजवत राहा आणि ऊन उतरल्यावर पुन्हा धावायला लागा. रिबिनी किंवा खुणा पाच-सात मिनिटे दिसल्या नाहीत, तर पुढे न जाता शेवटच्या खुणेपर्यंत परत या.

९. केव्हा थांबायचे

दुखते म्हणून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके शर्यतीत घेऊ नका, कारण पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला इजा करू शकतात. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, उलट्या थांबत नसतील, बोलताना गोंधळ होऊ लागला किंवा उन्हात अंगावर काटा येऊ लागला, तर पुढच्या चेक पॉइंटवर डॉक्टरांना दाखवा आणि ते म्हणतील ते ऐका. वाटेत कोणी असा दिसला, तर त्याच्याजवळ थांबा. शर्यत सोडलीत, तर बिब आयोजकांकडे देऊन तसे नोंदवल्याशिवाय घरी जाऊ नका, नाहीतर स्वयंसेवक तुम्हाला रात्रभर डोंगरात शोधत राहतील.

१०. परतल्यावर

त्याच संध्याकाळी शूजमधले इनसोल काढा, चिखल साध्या पाण्याने धुवा, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा. कडक उन्हात ठेवल्यास तळाचा गोंद सुटतो. मग झोपण्यापूर्वी वहीत लिहा: फोड कुठे आले, कोणते नख दुखते, काय खाल्ले आणि काय परत आणले, कोणती वस्तू लागलीच नाही, आणि कोणत्या उतारावर किती वेळ लागला. दोन दिवसांनी यातले निम्मे आठवत नाही आणि पुढच्या जोडाचे माप व पुढच्या शर्यतीची चिठ्ठी याच पानावरून काढायची असते.